साक्षीदाराची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. कोर्टातली, पण न्यायाधीशबाईंची नव्हे, साक्षीदाराची. माझ्या पाठीवर तशी पट्टीच आहे: 'साक्षीदारांसाठी'. खाली पैसे देणाऱ्या परदेशाचा छोटासा झेंडा.

त्या देशाने इथल्या कोर्टांना मदत द्यायचं ठरवलं, तेव्हा कुणा भल्या माणसाने सुचवलं, साक्षीदार तासन्‌तास उभे असतात, त्यांना बसायला द्या. मग इथल्याच सुताराने मला घडवलं. हात रुंद, पाठ सरळ. मी रुबाबात कोर्टात आले आणि थेट मोठ्या कारकुनांच्या टेबलामागे गेले. त्यांची कंबर दुखायची.

"साक्षीदार काय, घटकाभर येतो न् जातो. मी दिवसभर इथंच," असं ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. बसण्याआधी रोज मला पुसायचा. पट्टी मात्र भिंतीकडे.

तिथूनच मी शिवणकाम करणाऱ्या मावशींना पाहिलं. पुतण्याने त्यांची राहती खोली स्वतःच्या नावावर करून घेतली होती. तो म्हणे, काकूने राजीखुशीने दिली. मावशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या, गुडघे सुजलेले. पुतण्याचा वकील एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. दुपार कलली, मावशींचे पाय लटपटायला लागले, आणि त्या एकदम म्हणाल्या, "हो बाबा, दिली राजीखुशीने. आता जाऊ दे मला."

माझा जीव तीळतीळ तुटला. मी चार हातांच्या अंतरावर तर होते!

त्यांच्या वकीलबाईंनी खूप विनवण्या केल्या, म्हणून मावशींना पुन्हा बोलावलं गेलं. नेमक्या त्याच दिवशी मदत देणाऱ्या देशातून पाहणीला पाहुण्या येणार होत्या. एकच धांदल उडाली. कारकुनांनी मला उचलून पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. पण मावशी बसेचनात.

"बाईसाहेबांपुढं कशी बसू? बरं दिसतं का ते?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मावशी, उभं राहिलं तरच खरं बोलता येतं, असं कुठं आहे? बसा."

त्या आधी टोकावर टेकल्या, मग हळूहळू मागे रेलल्या. तोच प्रश्न पुन्हा आला.

"नाही दिली," मावशी म्हणाल्या. "दवाखान्याचे कागद म्हणून यानं माझा अंगठा घेतला. मागच्या खेपेला मला फक्त खाली बसायचं होतं हो, म्हणून हो म्हटलं."

कारकुनांनी मान खाली घातली. पाहुण्या फोटो काढून गेल्या, तसा शिपाई मला परत न्यायला आला. कारकूनच त्याला म्हणाले, "राहू दे तिथंच. मी घरून उशी आणीन."

खोली मावशींकडेच राहिली. निकालाच्या दिवशी माझ्या हातावर हात ठेवून त्या किती तरी वेळ रडल्या.

ती मदत केव्हाच संपली. झेंडा पुसट झालाय, माझा एक पाय डुगडुगतो, त्याला सुतळी बांधलीय. एक दिवस मी मोडेन. तेव्हा नवी खुर्ची येईल म्हणून परदेशाकडे डोळे लावून बसू नका. घरातलं साधं स्टूल आणा, पण पिंजऱ्यात आलेल्या मावशीला आधी बसवा, मगच विचारा.