दारापाशीची खोली

कोरियातल्या जॉन्जू गावाचे फोटो बघायला नीलांबरीताईंनी शनिवारी दुपारी बोलावलं, तेव्हाच मी शशिकांतला म्हटलं होतं, नको जाऊया. कोरियाची ट्रिप दोन्ही घरांनी बरोबरच केली, फोटोत आपणच आहोत, परत काय बघायचंय?

"सिद्धेशनं बोलावलंय," तो म्हणाला.

झालं. सिद्धेश म्हणजे नीलांबरीताईंचा नवरा आणि माझ्या नवऱ्याचा डायरेक्टर. आमची ग्रीन कार्डची फाइल त्याच्या मर्जीवर पुढं सरकते किंवा सरकत नाही. त्यानं बोलावलं की आम्ही कोरियालाही जातो आणि कोरियाचे फोटो बघायलाही जातो.

'व्हेजच आण हं नंदा,' असा ताईंचा मेसेज आला. दर वेळी येतो. मी सांभारवडी केली.

"म्हणजे कोथिंबीर वडीच की," डबा उघडून नीलांबरीताई म्हणाल्या.

"नागपुरात सांभारवडी म्हणतात, ताई."

"तेच ते."

तेच ते नसतं, पण मी गप्प बसले. अमेरिकेत, कॅरीत आल्यापासून मला गप्प बसायची चांगली प्रॅक्टिस झाली आहे.

भिंतभर टीव्हीवर जुनी घरं दिसायला लागली. काळी कौलं, कागदाच्या खिडक्या, गुळगुळीत लाकडी ओसरी. सिद्धेश रिमोट घेऊन उभा. "हे मालकाचं दालन. इथं बसून तो वाचायचा. आणि ही भिंत बघा, मुद्दाम मध्ये घातलीय. बाहेरच्या माणसाला घरातल्या बायका दिसू नयेत म्हणून."

"किती विचार केलाय ना!" नीलांबरीताई म्हणाल्या. "आणि किती सात्त्विक वाटतं सगळं."

"ज्यांना आत कोंडलं त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं, किती सात्त्विक ते," मी म्हटलं.

"नंदा वहिनी आज फॉर्मात!" सिद्धेश हसला. शशिकांतही हसला. तो हसला की सिद्धेशकडं बघून हसतो.

पुढच्या फोटोत मोठा दरवाजा होता आणि त्याला चिकटून बुटक्या खोल्यांची रांग. सिद्धेशनं बटण दाबलं.

"वेट, काका! गो बॅक," माझी आन्या ओरडली. अकरा वर्षांची आहे. "दॅट्स माय रूम."

तिची खोली म्हणजे नोकरांची. आम्ही सगळे मालकाच्या ओसरीवर पाय लांब करून फोटो काढत होतो तेव्हा ही त्या खोलीत बसून होती. दार कुठल्याही वेळी उघडता यावं म्हणून नोकरांना तिथं ठेवत, असं गाईडनं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "मग ते झोपायचे कधी?"

त्यानंतर म्युझियमचे फोटो आले. तिकडे जुन्या काळी पुरुषांना ओळखीची पट्टी जवळ बाळगावी लागायची. मोठ्या अधिकाऱ्याची हस्तिदंताची, तिच्यावर फारसं काही लिहायची गरज नाही. नोकराची लाकडाची. तिच्यावर वय, चेहऱ्याचा रंग, उंची आणि तो कुणाच्या मालकीचा ते. काचेआड दोन्ही ठेवल्या होत्या. बाहेर मुलांना आपापली पट्टी करायला दिली होती.

"माझी आणतो," म्हणत त्यांचा जय पळाला आणि पट्टी घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, ऑफिसर. आन्यानं आपली पट्टी बॅगेच्या चेनवरून सोडवून दिली. नीलांबरीताईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सर्व्हंट. ब्राउन. लाँग फेस. बिलाँग्ज टू..." पुढं कोरं.

"अगंबाई! हे काय गं आन्या? जय बघ, डायरेक्ट ऑफिसर. आपल्यातली मुलगी असं लिहिते का?"

"बट मावशी, मोस्ट पीपल वेअरन्ट ऑफिसर्स," आन्या म्हणाली. "तुम्ही काय होता, इंडियात?"

"आम्ही? यांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते. दारात घोडा असायचा."

"आणि आपण, बाबा?"

शशिकांतच्या तोंडात वडी होती. ती तो चावतच राहिला.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये सत्यनारायणाला सिद्धेशनं त्याला विचारलं होतं, "शशी, तुमचं कुलदैवत कोणतं रे?" आडनावावरून जातीचा अंदाज लागत नव्हता ना. शशिकांतनं पटकन सांगितलं, तुळजाभवानी. दुसऱ्याच दिवशी आमच्या हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो क्लोझेटमध्ये गेला, थंडीच्या जॅकेटांमागं. ते कोण, असं आन्यानं एकदा विचारलं तर म्हणाला, मोठे वकील होते.

"शेतकरी होतो, बेटा," शेवटी तो म्हणाला.

"कूल! मग आपली जमीन कुठंय?"

"अरे वा, शशी!" सिद्धेश सरसावून बसला. "कधी बोलला नाहीस. किती एकर?"

"होती... थोडी."

त्याचे कान लाल झाले. बाप खोटं बोलला की कान लाल होतात, हे पोरीला पक्कं ठाऊक आहे. ती माझ्याकडं बघायला लागली. सिद्धेश, ताई, जय, कुणाकडं नाही. माझ्याकडं. आता मीही शेतकरी म्हटलं असतं तर ती आयुष्यभर शेतकरीच लिहीत बसली असती.

"जमीन नव्हती, आन्या," मी म्हटलं. "बाबांचे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. गावानं त्यांना तेवढंच काम ठेवलं होतं. आणि घर म्हणशील, तर त्या नोकराची खोली दारापाशी का होईना, भिंतीच्या आत आहे. आपलं घर गावाच्याही बाहेर होतं. आत येऊच देत नव्हते."

जयनं आपली पट्टी खिशात घातली.

"अगं, आता कोण मानतं हे सगळं!" नीलांबरीताईंना वाचा फुटली. "आम्ही तर कधी विचारलंसुद्धा नाही."

"कुलदैवत विचारलंत की."

सिद्धेशनं बटण दाबलं. टीव्हीवर बिबिम्बापचा वाडगा आला. "हां, हे जेवण बघा," तो म्हणाला.

आम्ही लवकर निघालो. कुणी थांबा म्हटलं नाही. डबा जवळजवळ भरलेलाच परत मिळाला.

"झालं समाधान?" गाडी सुरू करताच शशिकांत म्हणाला. "इतकी वर्षं फाइल अडकलीय. तू एका वाक्यात घालवलीस."

"मी घालवली? खरं बोलल्यानं जाणार असेल, तर ती आपल्या हातात होती कधी?"

"तुला काय, सोमवारी मला जायचंय त्याच्यासमोर."

"बाबा, यू लाइड," मागून आन्या म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. त्यानं आरशात बघितलं आणि नजर काढून घेतली. मग ती म्हणाली, "माझी पट्टी तिथंच राहिली."

मला वाटलं, तो म्हणेल, नवीन करू. त्यानं स्टॉप साइनपाशी गाडी थांबवली आणि परत सिद्धेशच्या घराकडं वळवली.

आम्ही गाडीतच बसलो. दार सिद्धेशनं उघडलं. शशिकांत आत गेला नाही, पायरीवरच उभा राहिला. एरवी सिद्धेशचा हात सारखा त्याच्या खांद्यावर असतो. आज खिशातून बाहेर आला नाही. बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं.

परत येऊन त्यानं पट्टी मागं दिली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मला आधी सांगायला हवं होतंस. ट्रस्टचा प्रश्न आहे."

"आणि तू?"

"म्हटलं, तुळजापूर मी अजून पाहिलेलं नाही." त्यानं गाडी सुरू केली. "बाकी आन्याच्या आईनं सांगितलं ते खरं आहे."

सोमवारचं मला काही माहीत नाही. चांगलं होईल असं वाटतही नाही. पण घरी आल्यावर तो बूट न काढताच क्लोझेटमध्ये शिरला आणि एकेक जॅकेट बाहेर फेकायला लागला. आन्या दारात उभी राहून बघत होती.

हॉलमधला खिळा मी काढला नव्हता.