कम्प्युटरचा दसरा

सावेडीतल्या औटींच्या घरी तक्रार ही चटणीसारखी रोजच्या ताटात असायचीच. मम्मीचा राग मिक्सरवर, कारण त्याचं मोठं भांडं वॉरंटी संपली त्याच आठवड्यात गळायला लागलं. पप्पांचा राग वॉशिंग मशीनवर. कपडे धुऊन झाले की ते एवढ्या जोरात गाणं वाजवायचं, की अख्ख्या बिल्डिंगला कळावं, औटींची धुणी आटोपली. कस्टमर केअरला फोन लावायचा, मोबाईल स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवायचा आणि त्यातल्या बाईचं ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ ऐकत भाकरी मोडायची, ही पप्पांची जेवणातली करमणूक.

“सगळे आकडे दाबून झाले,” ते म्हणायचे. “माणूस काय कुठल्याच आकड्यावर राहत न्हाई.”

हॉलच्या कोपऱ्यातला कम्प्युटर मात्र या तक्रारींतून सुटला होता. निकिता तिसरीत असताना तो घरात आला आणि ती नववीत गेली तरी कुरकुर न करता चालत होता. मग त्याच्या स्क्रीनवर रोज एक निरोप यायला लागला. ऑक्टोबरच्या मध्यापासून विंडोज दहाला सपोर्ट मिळणार नाही, नवी अकरा घ्या.

पप्पांना आयताच विषय मिळाला. “बघितलं? चाललंय ते चालू देत न्हाईत. उद्या मला म्हणतील, हनुमंतराव, तुमचे गुडघे जुने झाले, सपोर्ट बंद!”

“पप्पा, फुकट आहे ते. आपल्या कम्प्युटरला चालतं, मी तपासलंय.”

“फुकट? मग तर लई सावध राहायला पाहिजे.”

त्यांचा बेत वेगळाच होता. गावातल्या दिल्ली गेटजवळच्या एका दुकानात दसऱ्याची स्कीम लागली होती. घरातली जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू आणा आणि मोठ्या टीव्हीवर सूट घ्या. पप्पांनी टीव्ही बघूनही ठेवला होता. “आता समदं मोबाईलवर होतंय. कम्प्युटर कुणाला लागतो?”

“मला लागतो!” निकिता एवढ्या जोरात म्हणाली की मम्मीच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली.

आणि खरंच लागत होता. त्या कम्प्युटरवर ती एक गेम बनवत होती. पिवळी-काळी रिक्षा दिल्ली गेटवरून निघते आणि खड्डे चुकवत सावेडीला पोचते. खड्ड्यात गेली की मागचा पॅसेंजर ओरडतो. ओरडायचा आवाज तिच्या मैत्रिणीचा, एंजलचा होता. एंजल खालच्या मजल्यावर राहायची, चर्चच्या गाण्यात सगळ्यात वरचा सूर तिचा, त्यामुळे किंकाळी एकदम फर्स्ट क्लास उतरली होती. रिक्षा अजून प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंतच आली होती. गेमची एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवता येईल, पण पेन ड्राइव्ह खोचायचा कुठे? मोबाईलच्या बोटभर स्क्रीनवर अशी गेम बनत नसते, हे पप्पांना कसं सांगणार?

“मी टाकते ना अकरा,” ती म्हणाली. “बघू द्या मला.”

‘बघू द्या मला’ हे तिचं नवं वाक्य होतं. मागच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये पाहुणे आले नि प्रोजेक्टर रुसला. सर घामाघूम झाले होते. निकिता उठून पुढे गेली, ‘सर, बघू द्या मला’ म्हणाली आणि मागची ढिली पिन दाबली. भिंतीवर चित्र उमटल्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून तिच्या कानात होत्या. त्याआधी वर्गात साधं ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज बसायचा.

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. “बरं. दसऱ्याच्या सकाळी मी टीव्ही आणायला निघणार. तोवर तुझी अकरा आली तर कम्प्युटर राहील. न्हाई आली, तर तो माझ्याबरोबर रिक्षात. कबूल?”

“कबूल!”

दसऱ्याला दोन दिवस होते. निकिताने शाळेत जायच्या आधी अपग्रेड सुरू केलं. निळ्या स्क्रीनवर गोल फिरायला लागला, खाली टक्के चढायला लागले आणि ‘कम्प्युटर बंद करू नका’ अशी तंबी आली. जवळपास निम्मं काम झालं असेल, आणि खट्! स्क्रीन काळा. परत चालू केला, तर विंडोज बिचारी झालेलं सगळं उलटं फिरवून पुन्हा दहावर येऊन बसली.

तिने लगेच दुसऱ्यांदा लावलं. या वेळी तर पहिल्यापेक्षा फार लवकर खट्.

पप्पांनी दुकानदाराला फोन लावला. त्याने न बघताच निदान केलं. “मदरबोर्ड गेला तुमचा. रिपेरीत पडू नका साहेब, घेऊन या, सूट देतो.”

“बघ,” पप्पा म्हणाले, “तज्ज्ञ माणूस काय म्हणतोय.”

“टीव्ही विकणारा माणूस म्हणतोय,” निकिता म्हणाली. मम्मी कढईकडे तोंड करून हसली.

शाळेत दिवसभर तिच्या डोक्यात तेच. बोर्ड गेला असता तर एरवी तरी कसा चालला असता? गेमला काही होत नाही, गाण्यांना काही होत नाही, अपग्रेडलाच का मरतो? आणि दुसऱ्या वेळी लवकर का? संध्याकाळी घरी येऊन तिने तिसऱ्यांदा लावलं. आता तो सकाळच्याही पुढे गेला आणि मग खट्.

मधल्या सुट्टीत मैदानाला चकरा मारताना एंजलचं असंच व्हायचं. पहिली चक्कर जोरात, लगेच दुसरी मारायला सांगितली तर अर्ध्यात खाली बसायची. वडापाव खाऊन, आराम करून उठली की पुन्हा जोरात.

“तो दमतोय!” निकिता मोठ्याने म्हणाली.

“कोण?” मम्मीने विचारलं.

निकिताने कॅबिनेटच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. नुसता तवा! आतून बारीक घर्र घर्र येत होती, घशात काहीतरी अडकल्यासारखी. हा आवाज इतकी वर्षं घरात होता, छताच्या पंख्याच्या आवाजासारखा, त्यामुळे कुणाच्या कानावरच पडला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने वायर काढली, कॅबिनेट जमिनीवर आडवं ठेवलं आणि एंजलला मोबाईलची बॅटरी धरून बसवलं. पप्पांचा स्क्रू-ड्रायव्हर होताच. शेवटचा स्क्रू निघाला. आत काय असेल? सहा वर्षं रोज समोर बसलो, पण याला पोटातून कधी पाहिलंच नाही!

पत्रा बाजूला झाला. एंजल म्हणाली, “अगं, हे काय? आत कुणाचं लग्न झालंय का?”

आतला बोर्ड हिरवा असेल असं निकिताला वाटलं होतं. तो पिवळा होता. हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर धूळ आणि त्या सगळ्याची आतल्या छोट्या पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर बसलेली घोंगडीसारखी जाड पुटं. वायरींच्या बेचक्यांत लाल तांदूळ अडकलेले. झेंडूच्या वाळून तपकिरी झालेल्या पाकळ्या पंख्याच्या पात्यांना चिकटलेल्या. आणि अगदी तळाशी, दोन वाट्या जोडल्यासारखं आपट्याचं एक पान.

निकिताने कॅबिनेट उभं केलं आणि वरून पाहिलं. वरच्या बाजूला जाळी होती, गरम हवा बाहेर जाण्यासाठी. दरवर्षी दसऱ्याला मम्मी कम्प्युटरची पूजा करायची. हळद-कुंकू वाहायची, अक्षता वाहायची, फूल ठेवायची. कुठे? डोक्यावर! आणखी कुठे वाहणार? आणि या देवाच्या डोक्यालाच नेमकी भोकं होती.

“सापडलं!” निकिता ओरडली. “मम्मी, ये ना, बघ, बोर्ड-बिर्ड काही गेलेला नाही, आत सगळे आपले दसरे...”

तेवढ्यात मम्मी येऊन उभी राहिली. तिच्या हातात उद्यासाठी ओवायला घेतलेला झेंडू होता. ती कॅबिनेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मीच त्याचा गळा दाबत होते होय दरवर्षी.”

“तसं नाही गं मम्मी...”

“तसंच. तुझं शिक्षण त्यात आहे, म्हणून मी टीव्हीच्या आधी त्याची पूजा करायची.”

जिंकल्याचा आनंद अर्धवट तोंडातच राहिला. त्यात दार वाजलं आणि पप्पा आत आले, सुप्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने, सकाळची पाळी संपवून. आता झालं! पप्पा हसणार, ‘तुझ्या हळदीनं मेला’ म्हणणार, आणि सगळ्या नातेवाइकांत हा किस्सा पुढच्या दसऱ्यापर्यंत फिरणार.

पप्पांनी डबा ठेवला आणि उघड्या कॅबिनेटपाशी उकिडवे बसले. त्यांनी हसायला तोंड उघडलं होतं. पण पंख्यावर नजर गेली आणि तोंड मिटलं. एका बोटाने त्यांनी पातं ढकललं. ते जेमतेम हललं.

“ह्यात पंखा असतो?”

“असतो ना. याला थंड ठेवायला.”

“मला वाटायचं, नुसता वायरींचा डबा.” ते खाली वाकले, पुटं नखाने खरवडून बघितली. पप्पा कंपनीत मेंटेनन्सला होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता दुकानदाराचा टीव्ही नव्हता, बिघडलेलं मशीन समोर आल्यावरचा भाव होता. “हे तर आपलंच काम हाय.”

“माझी चूक आहे,” मम्मी म्हणाली. “मी वाहिलं त्याच्या डोक्यावर.”

“तुझी कशी?” पप्पा म्हणाले. “आमी आज दिवसभर काय करत हुतो? खंडेनवमी म्हणून समदी मशीनं उघडायची, पुसायची, ग्रीस भरायचं. आधी साफसफाई, मग पूजा. न पुसता फूल वाहिलं तर आमचा सुपरवायझर अंगावर येतो. घरात मी काय केलं? दरवर्षी वरून फडकं मारलं नि म्हणलं, सविता, घे, पुसलं. उघडायचं काम माझं हुतं. माझ्या डोक्यातच आलं न्हाई.”

मम्मीने पदराने नाक पुसलं. मग खाली वाकून ते आपट्याचं पान उचललं. “आणि हे बघा. हे माझं नाही हां. ही मॅडम तिसरीत होती, ‘त्यालापण सोनं’ म्हणत जाळीतून आत सरकवलेलं.”

“निकिता,” एंजल गंभीरपणे म्हणाली, “त्याने सहा वर्षं जपून ठेवलंय.”

मग काय, हॉलमध्ये कारखानाच सुरू झाला. पप्पांनी रंगाचा कोरा ब्रश काढला. पंखा गरगर फिरू नये म्हणून निकिताने पातं बोटाने धरलं. एंजलने सायकलचा पंप आणून असा काही मारला, की तिच्या नाकाला हळद लागली आणि तिला ओळीने शिंका आल्या. पट्ट्यांवरची पुटं निघाल्यावर खालून चकचकीत धातू दिसला तेव्हा पप्पा स्वतःशीच म्हणाले, “वा!” हे ‘वा’ त्यांनी त्या मोठ्या टीव्हीलाही म्हटलेलं नव्हतं.

“चालेल ना?” मम्मीने विचारलं.

“सकाळी कळेल,” निकिता म्हणाली. पहिल्यांदाच तिला ‘बघू द्या मला’ म्हणायचं सुचलं नाही. गोळा झालेले तांदूळ आणि पाकळ्या मम्मीने तुळशीच्या कुंडीत टाकल्या.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून निकिताने अपग्रेड लावलं आणि कॅबिनेटच्या पाठीला हात लावून बसली. पहिल्या वेळचा निम्मा टप्पा आला. गेला. तिसऱ्या वेळी जिथे तो मेला होता ती जागा आली, आणि तिने श्वास धरला. तीही गेली. पाठ कोमट होती, बस. घर्र घर्र कुठेच नव्हती. खाली पप्पांनी बोलावलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. पप्पांनी खिडकीतून हात केला, थांब म्हणून.

मम्मी आरतीचं ताट घेऊन आली. “बंद कर. पूजेच्या वेळी हत्यार चालू ठेवत नाहीत.”

“मम्मी, बंद केलं तर गेलंच! तिथे लिहिलंय बघ, बंद करू नका!”

मम्मी ताट धरून उभी. तिने पप्पांकडे पाहिलं.

“आमची भट्टी कधी बंद नसती,” पप्पा म्हणाले. “तिची पूजा चालूच असताना करतात. देवालाबी माहिती हाय, काही कामं मधी थांबवता येत न्हाईत.”

मम्मीला ते पटलं. तिने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, बटणाच्या खाली, हळदी-कुंकवाची दोन बोटं लावली. झेंडूची माळ मॉनिटरच्या पायाला गुंडाळली. मग अक्षता घ्यायला बोटं ताटात गेली, हात सवयीने वर उचलला गेला, जाळीच्या वर आला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात स्क्रीन एकदा काळा झाला. पप्पांनी खुर्चीची पाठ पकडली.

आणि हळूच उजाडल्यासारखा निळा प्रकाश आला. त्याच्या मधोमध निरोप, ‘स्वागत आहे, निकिता.’

“आली! अकरा आली!” निकिताने अशी किंकाळी फोडली की एंजल खालून जिना चढत धावत आली. नवी चित्रं, नवी बटणं, सगळं खालच्या पट्टीत मधोमध येऊन बसलेलं, जणू कुणी घर आवरून गेलंय! तिची रिक्षा कुठे गेली? होती, जिथल्या तिथे, प्रोफेसर कॉलनी चौकात, पुढच्या खड्ड्याची वाट बघत.

मम्मीच्या चिमटीत अक्षता अजून तशाच होत्या. तिने वळून त्या निकिताच्या डोक्यावर टाकल्या.

“टाक, टाक,” पप्पा म्हणाले. “तिथं जाळी न्हाई.”

खाली रिक्षाने पुन्हा हॉर्न दिला. पप्पांनी चपला घातल्या, दारात थांबले, स्वयंपाकघरात गेले आणि गळका मिक्सर काखोटीला मारून बाहेर आले.

“अहो, मिक्सरवर टीव्ही कोण देईल?”

“विचारायला काय जातंय?” पप्पा म्हणाले आणि निकिताकडे बघून हसले. “पण थांबा. आधी उघडून बघू, ह्याच्या आत काय हाय.”