‘पास्ड आउट’चा दुसरा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पुठ्ठा निखळलाय, पाठीला चिकटपट्टी आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा मात्र केवढा तोरा होता माझा! एका कुलूपवाल्याने मला लेकीसाठी विकत घेतलं. शब्द अडला की ती माझ्याकडे धावायची. "हा आपल्या घरचा मास्तर," असं तिचे बाबा कौतुकाने म्हणायचे. पुढे ती नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि मी किल्ल्यांच्या डब्याखाली धूळ खात पडलो.

निघताना बाबा तिला म्हणाले होते, "पास होऊनच तोंड दाखव." म्हणाले गमतीने, पण पोरीने ते मनाला लावून घेतलं.

शेवटची परीक्षा संपत आली होती. एका सकाळी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. फाडफाड इंग्रजी! बाबांच्या हाती दोनच गोष्टी लागल्या: ‘पास्ड आउट’ आणि ‘प्लीज कम’. त्यांनी घाईघाईने मला उघडलं. ‘पास आउट: शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे.’ एवढं वाचलं आणि मला मिटलंच. खालच्या ओळीत, बारीक अक्षरांत, दुसरा अर्थ होता: ‘(बोलण्यात) शुद्ध हरपणे.’ मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

"पोरगी पास झाली!" बाबांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. "बोलावलंय मला. सत्कार असणार. उद्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातो."

संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला. "काका, निघालात ना? पेपर लिहितानाच कोसळली ती. सलाइन लावलंय. सारखी दाराकडे बघतेय."

तिथे पुन्हा इंग्रजी कानावर पडेल म्हणून बाबांनी मला पिशवीत कोंबलं आणि मळक्या कपड्यांतच निघाले.

दवाखान्यात खाटेवर पोर पांढरीफटक पडली होती. "बाबा, रागावू नका. अभ्यासापायी जेवायचंच राहून जायचं."

"तुझ्यावर कसला रागावू? भलतंच बोलून बसलो मी. आणि तू इथे पडलेली असताना तिकडे लोकांना चहा पाजत होतो गं!"

ती बरी झाली. राहिलेला पेपरही पुढे दिला. पण त्या चहाची आठवण निघाली की बाबांची मान अजून खाली जाते. आणि मी? अर्थ पोटात असून गप्प राहिलो, हे मलाही टोचतं.

मित्रांनो, आम्हा कोशांना जपा, आमची धूळ झटका, अर्थ शेवटपर्यंत वाचा. पण कुणाचं बोलणं कळलं नाही, तर आधी त्यालाच विचारा, "म्हणजे काय हो?" त्यात लाज कसली? मला नंतर उघडा, मी कुठे पळून जातोय!