चौथं कार्ड

बेचाळिसाव्या वर्षी त्याला काम मिळालं, तेही शिकवायचं. वहिनी गमतीने ‘मास्तर’ म्हणाली आणि मग तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. स्वतःच्या शाळेत लिहिणं-वाचणं त्याला कसंबसं जमलं, गणित तर त्याच्या वाट्यालाच आलं नाही. वर्गातल्या पोरांनी त्याला नऊ वर्षं ‘मठ्ठ’ याच नावाने हाक मारली. आता तोच शाळाशाळांत जाऊन सांगायचा, कुणाला चिडवू नका, कुणाला एकटं पाडू नका.

हे काम देणाऱ्या संस्थेतल्या ताईने त्याला चित्रांची चार कार्डं करून दिली होती. सगळी तोंडपाठ, पण हातात कार्ड नसेल तर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिसऱ्यावर डब्याचं चित्र होतं. ते आलं की तो म्हणायचा, “डब्याच्या सुट्टीत मी एकटा बसायचो. नऊ वर्षं.” मग शेजारी एक खुर्ची ओढायची आणि विचारायचं, “माझ्याजवळ कोण बसेल?”

इथे नुसती झुंबड उडायची. मी, मी, मी! पोरं खुर्चीसाठी एकमेकांना ढकलायची, आणि तेही कुणाला त्रास देऊ नये या धड्यात. मग चौथं कार्ड : आधी ‘बसू का?’ विचारायचं, समोरचा ‘नको’ म्हणाला तर ऐकायचं.

मग सुट्टीची घंटा व्हायची आणि सगळे धूम ठोकायचे. ताई सही-शिक्क्यासाठी ऑफिसात जायची. मास्तर एकटाच डबा उघडायचा, शेजारी ती खुर्ची. घंटा झाल्यावरही त्या खुर्चीत कुणीतरी बसून राहावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. अकरा शाळा झाल्या, कुणी राहिलं नाही.

बाराव्या शाळेतही तेच. सहावीचा वर्ग, चौतीस मुलं, हातांचं जंगल, घंटा, धूम. मास्तरने डब्याचं झाकण काढलं आणि मागच्या बाजूला दुसऱ्या डब्याचं झाकण वाजलं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. भिंतीला खेटून, दप्तर मांडीवर घेऊन खात होती. सगळे हात वर होते तेव्हा हिचे मात्र मांडीवरच होते, हे त्याला आठवलं. त्याने डबा उचलला आणि तिच्या बाकापाशी गेला. कार्ड टेबलावर राहिलं होतं, तरी शब्द फुटले.

“बसू का?”

“नको, काका.” तिने दाराकडे पाहिलं. “तुमच्याजवळ बसले तर मला अजून चिडवतील.”

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रागही आला, तिचा नाही, त्या हातांचा. पण चौथं कार्ड त्यानेच दाखवलं होतं ना? “बरं,” तो म्हणाला आणि दोन बाकं पुढे जाऊन, तिच्याकडे पाठ करून बसला. आता दारातून कुणी डोकावलं असतं तरी दोघांचा काही संबंध आहे असं वाटलं नसतं.

दोघं जेवले. मागे चावण्याचा आवाज थांबला की तोही थांबे. त्याचा डबा आधी संपत आला, तेव्हा शेवटचा घास त्याने हातातच धरून ठेवला. तिचं झाकण बंद झालं, मगच खाल्ला.

“उद्या येणार का?” मागून आवाज आला.

“उद्या दुसरी शाळा आहे.”

तिने डबा दप्तरात भरला. यापुढे काय म्हणायचं, याचं पाचवं कार्ड कुणी केलं नव्हतं.

परतताना बसमध्ये ताई फॉर्म भरत होती. “शेजारी बसायला तयार झालेली मुलं... चौतीस लिहिते. झाडून सगळ्यांनी हात वर केले, मास्तर!”

“एक कमी करा.”

“का? कुणी नाही केला?”

“एक मुलगी होती मागे.” मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ती जेवली माझ्याबरोबर.”

ताईने आकडा खोडला. फॉर्मची घडी घालून तिने पिशवीत टाकली.

“ताई, उद्या परत इथेच येऊ या?”

“इथलं झालं ना, मास्तर.”

“नाही झालं,” तो म्हणाला.