हुकांवरची रायफल

रायफल कुणाच्या मालकीची नसते. माणूस फक्त पुढच्या पिढीसाठी तिची राखण करतो. मोंटानातल्या ज्युडिथ खोऱ्यात हे वाक्य इतक्या गंभीरपणे म्हटलं जातं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टोपीकडे जातो. डेलमर टर्विक तर ते दर ऑक्टोबरला म्हणायचा. वडिलांची लिव्हरवाली, चापाखालची कडी ओढून गोळी भरायची रायफल त्याला अजून मिळालेली नव्हती, हे त्यामागचं मुख्य कारण.

त्या वडिलांनी, ओर्लिन टर्विकने, मरण्याआधी घरातला जुना नियम पुन्हा एकदा बजावला होता. हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी जो या रायफलने एल्क, म्हणजे तिकडचं थोरलं सांबर, पाडेल, रायफल त्याची. त्याला स्वतःला ती अशीच मिळाली होती. डेलमर नऊ हंगाम प्रयत्न करत होता आणि त्या नऊ हंगामांतले निदान चार एल्क अजून सुखाने चरत असावेत. दर वेळी दोष वाऱ्याचा निघायचा. चोपन्नाव्या वर्षी नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी आपल्याला माशीसारखी नाही, वटवाघळासारखी दिसते, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. वर भिंग लावून घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. "लिव्हरवाल्या रायफलला काच लावणारा माणूस," तो म्हणायचा, "चर्चमध्ये चड्डीवर जाईल."

यंदा त्याच्या आईने, व्हर्नाने, फोनवर स्पष्टच सांगितलं. "डेल, मी एक्क्याऐंशीची झाले. यंदा जमलं तर तुझी. नाहीतर पुढच्या वर्षी ब्रिटची पाळी." ब्रिट ही त्याची भाची. ती विजेच्या खांबांवर चढायची नोकरी करायची आणि तिला सगळं स्पष्ट दिसायचं.

शुक्रवारी संध्याकाळी डेलमर दिवसभर पिकअप हाकून आईच्या घरी पोचला, मागच्या दाराशी बूट काढायला वाकला आणि सवयीने वर पाहिलं. दाराजवळच्या दोन हुकांवर गेली साठ वर्षं ती रायफल टांगलेली असायची. आज तिथे काहीतरी काळं लटकत होतं.

लिव्हर होती. पण तिच्या कडीला दोरी गुंडाळलेली, आणि कडी एवढी मोठी की हातमोज्यासकट मूठ आत जावी. अक्रोडाच्या दस्त्याच्या जागी काळं प्लास्टिक. त्यात जादा काडतुसं खोचायची भोकं. नळीच्या तोंडाला सायलेन्सर बसवायला आटे पाडलेले. आणि वर, जिथे बोटही लावू नये अशा जागी, काडेपेटीएवढी काच. आत लाल ठिपका.

डेलमर एका पायात बूट तसाच ठेवून स्वयंपाकघरात शिरला.

"मॉम! काय केलं हे?"

"पाय," व्हर्ना कणीक लाटत म्हणाली. "सफरचंदाची."

"डॅडच्या रायफलचं काय केलं? ब्रिटने केलं ना हे?"

"ते ब्रिटचंच आहे, पण तू जरा—"

"माहीत होतं मला! डॅडनी आयुष्यात तिचा एक स्क्रू बदलला नाही. घोड्यावर गुडघ्याखाली सरकवली की आहे हे कळायचंसुद्धा नाही, इतकी सडपातळ होती. झाडीत हरीण उठलं की खटक-खटक, डोळ्यापासून न हलवता दुसरी गोळी तयार. आणि ही कार्टी तिला ड्रिल लावते? हे म्हणजे आजीला चामड्याची पँट घालून मोटरसायकलवर बसवण्यासारखं आहे!"

"डेल, चिखल."

"तू अडवलं का नाहीस तिला?"

"तुला तरी कुठे अडवता येतंय," व्हर्ना म्हणाली आणि पाय ओव्हनमध्ये सरकवली.

डेलमर जेवला नाही. पाय मात्र दोन वेळा खाल्ली. रागाच्या भरात ब्रिटला फोन लावण्याचं त्याच्या मनात आलं. पण ज्या माणसाने आपल्या बापाची रायफल बाटवली त्याच्याशी बोलायचं काय, असा विचार करून त्याने तो लावलाच नाही. आणि नियम तर नियमच होता. रायफल बाटली म्हणून हंगाम थांबत नव्हता.

शनिवारी उजाडताना तो डोंगराच्या उत्तर बाजूच्या पाइनच्या झाडीत बसला होता. साठ पावलांवर एल्क उभा राहिला. डेलमरने रायफल उचलली आणि हादरला. माशी नाही, वटवाघूळ नाही. काचेत कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका, आणि मागे एल्कच्या खांद्यावरचा केसन्‌ केस. दहा वर्षांत त्याने जगातली एकही वस्तू इतकी स्पष्ट पाहिली नव्हती. त्याने चाप ओढला, लिव्हर खटकली, दुसरी गोळी आत गेली. तिची गरजच पडली नाही.

तो बर्फात गुडघ्यांवर बसला. "डॅड," तो म्हणाला, "माफ करा. आत तुम्हीच आहात." मग रीतीप्रमाणे त्याने परवान्याच्या चिठ्ठीवर तारखेची खाच पाडली आणि ती एल्कच्या पायाला बांधली.

ओढून न्यायला शेजारचा लोवेल ट्रॅक्टर घेऊन आला. "ही ओर्लिनची?" त्याने रायफलकडे बघत विचारलं.

"कपडे बदललेत. आत्मा तोच," डेलमर म्हणाला. "हातात घेताच कळतं."

लोवेलने ती हातात घेतली, परत दिली आणि पाठीच्या दुखण्याबद्दल बोलू लागला.

दुपारी डेलमरने ती स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. डोळे ओले होते. "मॉम, मी ब्रिटला माफ केलंय. पडला एल्क. माझी झाली."

"ब्रिट नाही देणार," व्हर्ना म्हणाली. "तिने मार्चमध्ये विकत घेतलीय. कारखान्यातून अशीच येते. गेल्या आठवड्यात इथे नेम बसवायला आली होती, विसरून गेली."

डेलमरने मागच्या दाराकडे बोट केलं. "आणि डॅडची?"

"माझ्या पलंगाखाली, घोंगडीत. हुकांवर दोन मावत नाहीत."

"तू सांगितलं का नाहीस?"

"पायच्या आधी एकदा सुरुवात केली होती."

"मग उद्या रविवार आहे! उद्या डॅडची घेऊन जातो!"

"कशावर? चिठ्ठी कुठंय तुझी?"

चिठ्ठी गोठ्यात उलट्या टांगलेल्या एल्कच्या पायाला होती. वर्षाला माणशी एकच मिळते. डेलमर खुर्चीत बसला आणि टेबलावरच्या त्या काळ्या वस्तूची काच त्याने पुन्हा एकदा डोळ्याला लावून पाहिली. मग हलक्या आवाजात त्याने विचारलं, "मॉम, हिला... ब्रिटने काहीच केलेलं नाही? एक स्क्रूसुद्धा?"

"दोरी तिची आहे. बाकीचं यात बघ," म्हणत व्हर्नाने ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचं एक कार्ड काढून त्याच्यापुढे सरकवलं.

गॅरंटी पुढच्या मार्चपर्यंत होती. गंज चढल्यास लागू नव्हती.