चांदणीच्या आकाराचं भोक

"नाडी पळतेय तुमची," त्याचं मनगट न सोडताच बायको म्हणाली. चहा निवत चालला होता.

"पळू दे. मला चहा पिऊ दे."

"रात्रभर कूस बदलत होतात. काय झालंय?"

कारखान्यात त्याला चांदणीमास्तर म्हणत. नवरा रॉकेटच्या मोटरी करतो, असं बायको नातेवाइकांत सांगे. आपण भोक पाडतो, असं तो सांगे. दोन्ही खरं होतं. नळकांड्यात मधोमध चांदणीच्या आकाराचा धातूचा दांडा उभा करायचा, भोवती इंधन ओतायचं आणि ते रबरासारखं घट्ट झालं, की दांडा अलगद ओढून काढायचा. मागे उरते ती चांदणी, म्हणजे खरं तर काहीच उरत नाही. हे काहीच नसणं त्याने जन्मभर निगुतीने घडवलं होतं. आज त्याची शेवटची मोटर पेटवून पाहणार होते. उद्यापासून तो सेवानिवृत्त.

"दांडा काढताना टच्‌ असं वाजलं," तो अखेर म्हणाला.

"मग?"

"इंधनाला तडा गेला असेल तर आग त्यात शिरणार. जळायला जागा जास्त, म्हणजे दाब जास्त. मोटर फुटणार."

"एक्स-रे काढलात ना?"

"स्वच्छ आला."

"मग कसली काळजी?"

"टच्‌ वाजलं."

बायको निवृत्त नर्स होती. एक्स-रे स्वच्छ आणि पेशंट बेजार, असे नमुने तिने खंडीभर पाहिले होते. त्यांच्यावर एकच इलाज असतो: कुणीतरी शेजारी बसायचं. निवृत्त होणाऱ्याच्या घरच्यांना चाचणी बघायची परवानगी होती. तिने पर्स उचलली.

बसमध्ये तिने विचारलं, "साधं गोल भोक का नाही पाडत?"

"गोल भोक म्हणजे आपला जावई. सुरुवातीला तोंडातून शब्द नाही. मग जळत जाईल तसं भोक मोठं, आग मोठी, जोर मोठा. शेवटी आवरत नाही. चांदणीत पहिल्या क्षणापासून जळायला भरपूर जागा. पुढे आत आलेली टोकं झिजतात, बाकीचं भोक रुंदावतं. इकडे घटलं ते तिकडे भरून निघतं. जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा."

"म्हणजे मी."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

मोटर दूर, काँक्रीटच्या भिंतीआड आडवी जखडलेली होती. इकडच्या खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते. इंजिनिअर मुलीने बटण दाबलं. भिंती हादरल्या. पडद्यावरची हिरवी रेघ उसळून वर गेली आणि सपाट झाली.

बायको ताडकन उठली. उभ्या जन्मात सपाट रेघेचा एकच अर्थ तिने पाहिला होता. "डॉक्टर कुठायत?"

"बस गं," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "इथे सपाटच लागते. म्हणजे जोर एकसारखा."

ती बसली. मग तीही, आयुष्यात पहिल्यांदाच, रेघ सपाट राहावी म्हणून हात घट्ट आवळून बघत राहिली. रेघ राहिली. मग एकदम खाली आली, आवाज थांबला आणि सगळ्यांना श्वास घ्यायचा असतो हे आठवलं.

"मास्तर, पट्टीने आखल्यासारखी," इंजिनिअर मुलगी म्हणाली.

टच्‌ काही त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

नळकांडं निवल्यावर त्याला जवळ जाऊ दिलं. बायको सोबत होतीच. आत डोकावायला तो गुडघा मोडून खाली बसला.

टच्‌.

तो जागच्या जागी थिजला. बायकोने आधी नळकांड्याकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे.

"हाच का तो आवाज?"

त्याने बराच विचार केला. "हाच."

"किती वर्षं सांगतेय, गुडघा दाखवा म्हणून." ती हसली नाही. घरी जाऊन हसायला भरपूर वेळ होता. तिने पर्समधला टॉर्च काढून त्याच्या हातात दिला.

आत सगळं गोल, काळं, गुळगुळीत होतं.

"चांदणी कुठाय?"

"गेली. चांगली असली की मागे काही ठेवत नाही."

त्याला उठवायला तिने हात पुढे केला. तो उठला नाही. जिथे चांदणी होती त्या रिकाम्या जागेत हात घालून आतली भिंत चाचपत राहिला. तीही मग शेजारी टेकली, त्याचं दुसरं मनगट धरलं आणि घड्याळाकडे न बघताच नाडी मोजत बसली.