गोदाम म्हणून लिहिलेली खोली

बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा रत्नाच्या हातात मळकी चादर होती.

"वहिनी, दहा मिन्टं गप ऱ्हावा. सरपंच खोल्या मोजाया आल्यात. लगीच उघडतो," गोरख दारापलीकडून कुजबुजला. गोरख रिसॉर्टचा मॅनेजर, तिच्याच आळीतला. ही नोकरीही त्यानंच लावून दिलेली.

ओतूरच्या पुढं धरणाकाठी असलेल्या या रिसॉर्टला खोल्या अठरा, पण ग्रामपंचायतीच्या दप्तरी पंधरा. मागच्या तीन 'गोदाम' म्हणून लिहिलेल्या. गेल्या वर्षी ग्रामसभेनं ठराव केला होता: खोलीमागं कर भरायचा, खोलीत धोक्याची घंटा बसवायची आणि झाडलोटीला एकटी बाई पाठवायची नाही. पण मालक पोचलेला! गोदामाला कर नाही, म्हणून घंटाही नाही आणि जोडीला दुसरी बाईही नाही. गोदामात गाद्या-गिरद्या कशाला लागतात, हे विचारायला आजवर कुणी मागं फिरकलंच नव्हतं.

त्यातल्याच एका खोलीत रत्ना पलंगाच्या कडेला टेकली. इथले तिघंही पाहुणे सकाळीच शिवनेरीला गेलेत, असं गोरख म्हणाला होता.

तेवढ्यात बाथरूममधला नळ बंद झाला.

नळ इतका वेळ चालू होता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. आत पुरुषमाणूस खाकरला. ती दाराकडं धावली, कडी ओढली, पण दार हललं नाही. खिडकीला गज होते.

बाहेर पावलं वाजली.

"या तीन कसल्या?" सरपंच प्रतिभाताईंचा आवाज.

"गोदामं, ताई. भंगार भरलंय नुसतं."

"बरं. लिहून घ्या, भाऊसाहेब."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहून घेतलं असावं, कारण पावलं पुढं सरकली. रत्नानं दारावर उगारलेला हात मागं घेतला. ओरडावं तर परक्या पुरुषासोबत बंद खोलीत सापडलेली बाई म्हणून गावभर बोभाटा. नोकरी जाईल ती वेगळीच. गप्प बसावं तर?

बाथरूमचं दार उघडलं. टॉवेल गुंडाळलेल्या माणसानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

"बाहेरून लावलंय?" तो हसला. "अरे वा!"

रत्नानं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"प्रतिभाताई! गोदाम न्हाई हे! पावणं ऱ्हात्यात हितं! ही खोली मोजा! मला बाहेर काढा!"

पावलं परत आली.

"गोरख, किल्ली दे."

गोरखचा आवाज आला, रोजच्यासारखाच गोड. "किल्ली मालकांकडं, ताई. ते पुन्याला गेल्यात."

आत्ताच तर यानं कुलूप लावलं होतं, लगेच उघडतो म्हणाला होता.

"मग दगड उचला, भाऊसाहेब," प्रतिभाताई म्हणाल्या.

कुलपावर पहिला घाव बसला आणि रत्नाला रडू फुटलं. मागचा माणूस दोन पावलं मागं सरकला होता. पण तिला आता भीती वाटत होती ती दारापलीकडं उभ्या असलेल्या, वहिनी म्हणणाऱ्या माणसाची.